कुऱ्हाडीचा घास

वाळू कुणालाच नको झाली होती. जुलैत आमचं चलन, बाथ, कोसळलं आणि बँकॉकमधले अर्धवट टॉवर सळया वर करून जागच्या जागी उभे राहिले. टॉवर नाही तर काँक्रीट नाही, काँक्रीट नाही तर वाळू नाही, आणि वाळू नाही तर आम्ही हवेत कुणाला? पा मोक गावच्या धक्क्याखाली आमच्यासारख्या वाळू वाहणाऱ्या बार्ज एकमेकींना खेटून बांधून ठेवल्या होत्या. रिकामी बार्ज पाण्यावर उंच येते. एरवी भांडी घासायला वाकलं की माझा हात सरळ नदीत जायचा. आता बादली दोरानं खाली सोडावी लागायची. 

बार्ज हेच आमचं घर. मागच्या टोकाला खोली, खोलीमागे सुकाणू, सुकाणूच्या पाठीशी चूल. छपरावर डब्यांत मिरची आणि तुळस. आमची पिया चार वर्षांची. तिच्या कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक खोलीच्या खांबाला. काठावरचे लोक हसतात, पोरीला कुत्र्यासारखं बांधता म्हणे. हसू देत. त्यांची पोरं पडली तर अंगणात पडतात, आमची पाण्यात.

शेजारची बार्ज माझ्या धाकट्या दिराची, थियनची. त्याची बायको सायुत. तिला मूल नव्हतं, त्यामुळे पिया अर्धी तिचीच होती. सकाळी मी इकडे दोर बांधायचे, दुपारी सायुत सोडून तिकडे न्यायची आणि आपल्या खांबाला बांधायची. केस विंचरायची, पेरू भरवायची. तोंडाला कुलूप कसं घालायचं ते तिला ठाऊकच नव्हतं. धक्क्यावरच्या सगळ्या बायका नवऱ्यांवर डाफरत असताना ही एकटी खिदळत असायची.

"ताई, रिकाम्या बार्जचा एक फायदा आहे बघ," ती म्हणायची. "उंचावरून सगळ्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं."

"काय शिजतंय?"

"तेच. पाणी."

पुरुष दिवसभर उकिडवे बसून जाळी विणायचे. विणून झालेली परत उसवायचे की काय, देव जाणे. टगबोटीचा मालक चोमकाका संध्याकाळी येऊन बसला की सगळे त्याच्याभोवती जमायचे. बार्जला इंजिन नसतं; टग त्याची, ओढणारा तो. माल आधी त्याच्या कानावर यायचा.

"काका, पुढचं काय दिसतंय?" थियननं विचारलं.

"मागच्या वर्षी म्हणालो होतो, बँकॉक बांधून कधी संपायचंच नाही. आता परत मलाच विचारतोस?"

"रेडिओवर म्हणाले, नव्या वर्षात सुधारेल."

"रेडिओवाल्याला डिझेल भरावं लागतं का?"

सगळे हसले. माझा नवरा प्रयून हसला नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आणि उठून आत आला. मी भात वाढला. त्यानं निम्मा पियाच्या ताटात सारला. मला ते बघवेना, मी त्याच्यावरच खेकसले, "जेव मुकाट्यानं. सुकाणू धरायची वेळ आली तर दंडात जोर नको?"

वेळ आली. ऑक्टोबरात नदी काठोकाठ फुगली. खालच्या अंगाला पूर अडवायची भिंत बांधायचं सरकारी काम निघालं आणि वाळूच्या धक्क्याच्या मालकिणीला गिऱ्हाईक मिळालं. तिचं नाव किमलांग. सगळे तिला 'जे', म्हणजे थोरली ताई म्हणायचे, वयानं तिचे बाप शोभतील असेसुद्धा. पंख्याखाली खुर्ची टाकून ती पेरू खात होती. आम्ही सगळे खाली उन्हात.

"भाडं पूर्वीच्या निम्मं," ती म्हणाली. "आणि भरायचं पूर्वीपेक्षा जास्त. ज्याला नको त्यानं सांगा, मागे रांग आहे."

बार्जच्या अंगावर एक रंगाची रेघ असते. ती पाण्याला टेकली की भरणं थांबवायचं, हे आमच्याकडे पोरगंही सांगेल. प्रयून पुढे झाला. "जे, रेघ बुडेपर्यंत भरता येणार नाही. नदीला ओढ किती आहे बघा."

"बरं," ती म्हणाली. "तू थांब."

थियन म्हणाला, "माझ्यात भरा."

"थियन!"

"दादा, ज्यानं रेघ रंगवली तो रंगवून घरी जेवायला गेला. आपल्याला जेवायचंय."

धक्क्यावरच्या सरकत्या पट्ट्यावरून वाळू कोसळायला लागली. ओली, जड वाळू. बार्ज खाली खाली जात राहिली, पुरुष फावड्यांनी ढीग सारखा करत राहिले. रेघ गेली. रेघेच्या वरची लोखंडाची पट्टी गेली. सायुतची चूल पाण्याच्या इतकी जवळ आली की तिनं गंमत म्हणून हात घालून माझ्यावर पाणी उडवलं. मला हसू आलं नाही.

एकामागून एक बार्ज भरल्या. प्रयून धक्क्यावर उभाच. टोपी हातात, अनवाणी, तापलेल्या सिमेंटवर एक पाय उचल, दुसरा टेक, असं चाललेलं. जे पेरू संपवून दुसरा कापत होती. मी खालून बघत होते. शेवटी त्यानं गुडघे टेकले, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं, जे. भरा."

तिनं वरही बघितलं नाही. नुसती सुरी हलवली. पट्टा सुरू झाला.

आमचीही रेघ बुडाली. प्रयून खाली आला तेव्हा त्याच्या तळव्यांना फोड आले होते. मी ओलं फडकं दिलं. तो एवढंच म्हणाला, "पियाचा दोर आखूड कर."

दुसऱ्या दिवशी चोमकाकानं रांग लावली. नेहमी तो एका खेपेला चार बार्ज ओढायचा आणि रांगेच्या शेवटी एक छोटी बोट असायची. वळणावर शेपूट फेकलं जाऊ नये म्हणून ती शेवटच्या बार्जला धरून ठेवायची. या वेळी सहा बार्ज होत्या आणि शेपटीची बोट नव्हती.

"काका, वळणावर कोण सांभाळणार?" मी विचारलं.

"ज्याचं त्यानं. डिझेल कोण देणार, तू? निम्म्या भाड्यात दोन बोटी परवडत नाहीत, पोरी. परवडत नसेल तर राहा इथंच बांधलेली."

सर्वांत शेवटी थियन, त्याच्या पुढे आम्ही. त्याच्या बार्जचा दोर आमच्या मागच्या टोकाला बांधला, माझ्या चुलीपासून हातभर. त्या दोरापाशीच कुऱ्हाड टांगलेली असते. कशासाठी असते ते बार्जवर तोंडानं बोलायचं नाही. मागची बार्ज कधी खाली जायला लागली तर ती पुढचीलाही ओढते, पुढची तिच्या पुढचीला. म्हणून दोर कापायचा. पुरुषाचे दोन्ही हात सुकाणूवर, म्हणून कुऱ्हाड बाईची. हे काम माझ्या सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोपवलं होतं, चुलीच्या आधी.

आणि त्याचा एक रिवाज आहे. दोर बांधला की मागच्या बार्जवरची बाई भाताचा घास घेऊन पुढच्या बार्जवर येते, कुऱ्हाडवालीच्या तोंडात घालते आणि म्हणते, 'हात सावकाश पडो.' दोर बांधल्यावर कुऱ्हाडीला धार लावायची नाही. लावली तर मागच्यांचं मरण चिंतलं, असा अर्थ होतो.

त्या रिकाम्या महिन्यांत आमच्या कुऱ्हाडीनं मी जळण फोडलं होतं. कधी गॅस असायचा, कधी नसायचा. पातं बोथट झालेलं. धार लावायची आठवण झाली तेव्हा दोर बांधून झाला होता. दगड माझ्या हातात होता, मी पाठ फिरवून बसलेच होते, तेवढ्यात सायुत वाटी घेऊन आली.

"काय गं ताई, काय करतेस?"

"काही नाही. सुरी."

मी दगड भातगोणीमागे ढकलला. काय करणार? तिच्या डोळ्यांदेखत कुऱ्हाड घासू? तिनं भात सुक्या माशाच्या चटणीत कालवून आणला होता, मला आवडतो तसा. घास माझ्या तोंडात घालताना ती एरवी हसायची. त्या दिवशी तिची बोटं थंडगार होती.

"हात सावकाश पडो, ताई."

"पडायची वेळच येणार नाही," मी म्हणाले. 

पियाला तिच्याकडे न्यायचं म्हणून तिनं हात पुढे केला. मी पियाचा दोर घट्ट धरला. "आज राहू दे इथंच."

सायुतनं माझ्याकडे बघितलं. ती समजली. पियाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या बार्जवर गेली.

निघालो. भरलेली बार्ज चालते तेव्हा काठ सरकतात, आपण नाही, असं वाटतं. त्या दिवशी मात्र मला पाणीच सरकताना दिसत होतं, अगदी डेकच्या कडेला. कुठल्याही बोटीची लाट आली की कडेवरून पातळ पाणी आत यायचं आणि वाळूत जिरायचं. जिरलं की दिसत नाही. पण वजन तर राहतं ना! प्रयून सुकाणूवर उभा, फोड आलेले पाय फडक्यात गुंडाळलेले. तो मागे बघत नव्हता. मी दुसरं काही बघतच नव्हते. थियनची बार्ज आमच्या मागे डुलत येत होती, आणि तिच्या टोकाशी नावेत वसणाऱ्या देवीसाठी, मे यानांगसाठी बांधलेल्या लाल-हिरव्या पट्ट्या भिजून खाली लोंबत होत्या. एरवी त्या वाऱ्यावर उडतात.

सायुत आत आलेलं पाणी उपसायला पंप मारत होती. मारता मारता ओरडून म्हणाली, "ताई, दुपारी काय करतेस गं जेवायला?"

"नाळीची भाजी!" नाळी म्हणजे पाण्यात उगवणारी ती लांब पोकळ देठांची भाजी, फुकट मिळते.

"परत?"

"तुझ्या बापानं कोंबडी पाठवली आहे का?"

ती हसली. ते शेवटचं.

पुढे देवळाजवळ नदी कोपरासारखी वळते आणि वळणावरच पूल आहे. त्या पुलाच्या खांबांपाशी मला नेहमी धडकी भरते. चोमकाकानं भोंगा दिला. टग वळली, पहिली बार्ज वळली, दुसरी वळली, मग तिसरी, चौथी. आमची वळली तसं मागचं शेपूट बाहेर फेकलं जायला लागलं, सरळ खांबाकडे. थियन सुकाणूवर सगळं अंग टाकून लोंबकळला होता. त्याची मान शिरांनी फुगलेली मला दिसत होती. खांब हुकला. हातभरानं हुकला. मी देवळाकडे तोंड करून हात जोडले.

आणि समोरून एक मोठी टग आली, रिकामी, भरधाव. तिचा माणूस शिट्टी वाजवत होता. तिची लाट काठावर आपटून परत आली. आमच्या डेकवरून पाणी गेलं, चुलीतली राख वाहून गेली, पिया किंचाळली. ते पाणी निथळलं. थियनच्या डेकवरचं निथळलं नाही. त्याच्या बार्जची डावी कड पाण्याखाली गेली ती वर आलीच नाही.

"थियन!" प्रयून ओरडला. आता त्यानं मागे बघितलं.

बार्ज बुडते तेव्हा फार आवाज होत नाही. वाळू एका बाजूला घसरते तेवढा, गोणी ओढल्यासारखा. मग आमचं मागचं टोक खाली जायला लागलं. माझ्या घोट्याला पाणी लागलं. भाताचं पातेलं तरंगत गेलं. पिया खांबाला बांधलेली, गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात माझ्याकडे.

"काप!" प्रयूननं सुकाणू सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर आम्ही खांबावर गेलो असतो. "लमोम, काप!"

कुऱ्हाड हातात आली. एक कुऱ्हाड आणि दोन दोर. पियाचा दोर बारीक, एका घावात तुटला असता. पण सुटी पोर त्या कललेल्या डेकवरून कुठं गेली असती? मी तिच्याकडे पाठ केली. आईनं लेकराकडे पाठ करायची म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी घाव घातला. कुऱ्हाड उसळली. ओला दोर, माझ्या दंडाएवढा, ताणून लोखंडासारखा झालेला. परत घातला. दोन-चार धागे तुटले. समोर सायुत खोलीच्या छपरावर चढली होती. मला वाटलं ती थांब म्हणेल. देवाशपथ, मला वाटलं ती थांब म्हणेल.

"ताई, काप!" ती ओरडली. "पियाला बघ! काप ना गं!"

मी मारत राहिले. रडत, शिव्या देत मारत राहिले. त्या बोथट लोखंडाला शिव्या, जेला शिव्या, चोमकाकाला, सगळ्या बँकॉकला. पाणी माझ्या गुडघ्याला आलं, पियाच्या कमरेला. मग एकदम दोर तुटला, आमचं टोक उसळून वर आलं आणि मी पडले. तुटलेला दोर चाबकासारखा मागे गेला. थियन एव्हाना सुकाणू सोडून पुढच्या टोकाशी आला होता, त्यानं उजवा हात वर केला. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

टगला थांबता येत नाही. उरलेल्या पाच बार्ज ओढत फुगलेल्या नदीत थांबणं म्हणजे सगळ्यांनाच घालवणं. आम्ही पुढे जात राहिलो. मी पियाला कवटाळून मागे बघत होते. छप्पर, छपरावरची मिरचीची झाडं, मग नुसतं पाणी, पाण्यावर दोन डोकी आणि देवळाकडून निघालेली भिक्षूंची छोटी होडी. मग वळण आडवं आलं आणि तेही दिसेना.

दोघं वाचले. थियनचा हात कोपरापाशी वाकडा जुळला. सुकाणू आता त्याच्यानं धरवत नाही. बार्ज चिखलात तशीच आहे. तिच्या जागी जेनं दुसरी घेतली. मागे रांग होतीच.

आणि लोकांची तोंडं! लमोमनं घाई केली म्हणणारे होते, लमोमनं उशीर केला म्हणणारेही होते. चोमकाका म्हणाला, "बोथट कुऱ्हाडीनं रिवाज पाळला, चांगलं केलं." मला त्याचा गळा धरावासा वाटला. धार असती तर पहिल्या घावात दोर सुटला असता, तेव्हा थियन अजून सुकाणूच्या आडोशाला होता, त्याचा हात मोडला नसता. आणि पिया कमरेपर्यंत पाण्यात गेली नसती. हे मी कुणाला सांगू?

सायुत माझ्याशी बोलली नाही. रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. भेटली की मान हलवायची, पियाकडे बघायची, निघून जायची. पिया विचारायची, "काकी का येत नाही?" मी म्हणायचे, "काकीला काम आहे." खरंच होतं. ती एका म्हाताऱ्याच्या बार्जवर रोजानं राबायला लागली होती, स्वयंपाक, पंप, सगळं.

भिंत झाल्यावर वाळूचं काम परत निघालंच नाही. पण बाथ पडल्यामुळे आपला तांदूळ परदेशात स्वस्त झाला आणि समुद्राकडे जाणाऱ्या तांदळाच्या खेपा वाढल्या. प्रयूननं आमची बार्ज घासून घासून वाळूचा कण ठेवला नाही. पुढल्या पावसाळ्यात आम्हाला तांदूळ मिळाला. पोत्यांवर ताडपत्री घातली आणि रेघेकडे बघितलं. टेकली होती, बुडायची बाकी होती. भरणारा म्हणाला, "अजून थोडी मावतील." प्रयूननं ताडपत्री परत उचलून धरली. दोघांनाही जेची सुरी आठवत होती. रेघ बुडाली.

चोमकाकानं रांग लावली. शेपटीची बोट नव्हतीच. या खेपेला सर्वांत शेवटी आम्ही. पुढची बार्ज कुणाची ते मी विचारलं. त्या म्हाताऱ्याची होती. म्हणजे कुऱ्हाड सायुतच्या हातात.

मी भात कालवला, सुक्या माशाच्या चटणीत. धार लावायचा दगड कमरेला खोचला. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. दोर बांधून झाल्यावर मागची बाई स्वतः दगड घेऊन पुढे गेली, असं आमच्या नदीवर कधी झालं नव्हतं. मी पुढच्या बार्जवर पाय टाकला.

सायुत चुलीपाशी बसली होती. मी वाटी खाली ठेवली आणि दगड काढून तिच्यापुढे धरला. 

तिनं दगडाकडे बघितलं, मग हात मागे नेऊन कुऱ्हाड काढली आणि मला दाखवली. पातं इतकं घासलेलं की त्यात माझा चेहरा दिसत होता.

"मी सकाळीच लावली," ती म्हणाली. वर्षभरात माझ्याशी बोललेले तिचे पहिले शब्द. "दोर बांधल्यावर. रिवाज गेला खड्ड्यात." मग म्हणाली, "आणि पियाला आज बांधू नकोस. तिला इथं माझ्याकडे दे."

मी तिथंच बसून रडले. ती पण रडली, पण कुऱ्हाड तिनं खाली ठेवली नाही.

पियाला आणून तिच्या मांडीवर बसवलं. मग घास केला. सायुतनं तोंड उघडलं. 'हात सावकाश पडो' म्हणायचं होतं मला. ते जिभेवर येईचना.

"पडला तर," मी म्हणाले, "एकदाच पडू दे."

तिनं मान हलवली आणि घास चावू लागली. पुढून चोमकाकाचा भोंगा झाला, दोर ताणला गेला, आणि मी आमच्या बार्जवर परत आले.